एका तिकिटातली अंबूबाई

खरं सांगू? अंबूबाईले मी पयल्यांदा पाह्यलं तवा मले वाटलं, बाई गरीब हाये. पैशानं म्हणत नाही मी. तोंडानं गरीब. आता नुसतं सांगतानाच मले हासू येऊन राह्यलं. थांबा, जरा पाणी पिऊ द्या.

झालं असं, की आमच्या शेजारचा शेषराव जानेफळची बायको करून आला. राजूरचा घाट उतरून छकडा मलकापुरात आमच्या दारापुढं थांबला, तवा बैलायच्या तोंडाले फेस होता. मी ओट्यावर तूर पाखडत बसली होती. पाह्यते तं छकड्यात गोधडीखाली भला मोठा ढीग. मले वाटलं, सासऱ्यानं आंदण म्हणून कापसाचा बोजाच बांधून देल्ला. मंग तो ढीग हालला, त्यातून एक पाय बाहेर आला, मंग दुसरा, आन् मंग हळूहळू अख्खी अंबूबाई. पदर नाकापर्यंत. एक अक्षर बोलली नाही. जिथं बसवली तिथं बसली. माही सासू म्हणे, कशी वाटली वं शेषरावाची बायको? मी म्हटलं, "गाय हाये आत्याबाई. खाईन आन् रवंथ करन. शेषरावाले काही तरास नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गायीनं शिंगं काढले. छकडेवाला दारात उभा. म्हणे, "बाई, घाटात बैलं भल्ले थकले. ठरल्यापरीस जास्त द्या लागन."

"थकलं कोण?" आतून आवाज आला.

"बैलं."

"मंग बैलायले आण इकडं. त्यायले सरकीची ढेप चारते मी. तू तं घाटभर गाणे म्हणत बसला होता, तुले कायचा थकवा?"

आन् खरंच बाहेर येऊन तिनं दोन्ही बैलायले टोपलंभर ढेप चारली. गडी कोरडाच गेला. मी हातातलं सूप खाली ठेवलं. गाय कायची बाप्पा, वाघीण होती, आन् तेही पोट भरलेली.

तवापासून आमचं जमलं. जमलं म्हंजे काय, ती बोले आन् मी बोलो, आयके कोणीच नाही.

आता मलकापूरचे लोक कसे, ते सांगून ठेवते. कापसातली सरकी काढायचे दोन-चार जिनं, एक ठेसन, मुंबई-नागपूरची गाडी घटकाभर थांबते, तं यायले वाटते आपुन जगाच्या नाकावर बसलो. वऱ्हाड निजामाचं का नागपूरच्या लाटसाहेबाचं, हे धड कोणाले सांगता येत नाही. पण शेजारणीच्या ताटात किती भाकरी पडल्या, हे सगळ्यायले तोंडपाठ. अंबूबाईच्या भाकरी तं सारं गाव मोजे. लोक म्हणत, दिवसभर खाते. साफ खोटं. मी पाह्यलं ना. माह्याएवढंच खाये, उलट कमी. पण काही माणसाले खाल्लेलं अंगी लागते, काहीले बोललेलं अंगी लागते, आन् हिले दोन्ही लागलं.

शेषराव म्हंजे कापसाची पऱ्हाटी. वाळलेली. वारा आला की वाकन, वारा गेला की तसाच वाकलेला राहीन. शेतीचा कारभार सारा हिच्याकडं. वेचणीच्या बायायमांगं हीच, गाडी भरायले हीच, आन् गावचा अडत्या हिंमतराव, त्याच्या अडतीत कापूस मोजून देयाले बी हीच. शेषराव गाडी हाकलायपुरता. तेही बैलायले रस्ता ठाऊक होता म्हणून.

पण वाघिणीले एक दुखणं होतं. ते अंगाचं नव्हतं, तुमाले वाटत असन तं. आंग तिचं ठणठणीत. दुखणं हे, की तिले कोणी एक माणूस धरे ना.

माहेरी जायची, तं राजूरच्या घाटाखाली गाडीवाला म्हणे, "बाकीचे बसा. अंबूबाई, तुमी उतरा." मंग त्या वाळक्या-वाळक्या बाया गाडीत पाय हालवत बसल्या राहत, आन् ही गाठोडं घेऊन अख्खा घाट पायी चढे. मेहकरकडं सर्व्हिस मोटर सुरू झाली, तं तिचा डायवर हिले पाहून दुरूनच ओरडे, "दोन सवाऱ्या." लग्नाच्या पंगतीत वाढपी न इचारता दोन पाट जोडून ठेवे, आन् मंग शेजारची बाई तोंडाले पदर लावे. ही वर पाहे, हासे, एखादा टोला हाणे. समोरचा गार. पण घरी आली की गुमान बसे.

एक दिवस माह्यापाशी बसली होती. म्हणे, "वच्छलाबाई, देवानं मले जीव किती देले?"

"एकच. आन् तोही भल्ला वटवट्या."

"मंग हे लोक मले दोन काऊन मोजतात?"

मी हासली. ती हासली नाही. मंग मीबी शेंगा फोडत बसली.

अशात एका हिवाळ्यात, कापसाच्या ऐन सीझनात, मुंबईकडून एक उडती कंपनी आली. कंपनी म्हंजे काय, तं एक विमान, एक गोरा साहेब, एक मिस्त्री, आन् तिकिटं फाडायले एक काळ्या टोपीचा पुण्याकडचा कारकून. गावोगाव जायचे, लोकायले वर नेऊन एक चक्कर मारून खाली आणायचे, आन् पुढच्या गावाले जायचे. कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसच्या मांगं एक पडीत वावर होतं, तठी ते उतरलं.

मी पाह्यलं ते विमान. आयुष्यात इतकी फसवणूक कधी झाली नाही. मले वाटलं लोखंडाचं, इंजनासारखं काही असन. पाह्यते तं लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आन् तारा. एकावर एक दोन पंख, जसं कोणं दोन बाजा एकीवर एक ठेवून त्याच्यावर धोतरं वाळत घातले. मांगं एका खळग्यात साहेब बसे, आन् पुढं एका खळग्यात फळी, त्या फळीवर दोन सवाऱ्या. अशा वस्तूत बसून वर जायले लोक एकमेकायच्या अंगावर पडून राह्यले होते. जे लोक देवळाची गच्ची चढताना 'धरा बाप्पा' म्हणतात, ते.

पयला मान अर्थात हिंमतरावाचा. गावातला मोठा अडत्या. साहेबाले उतरायले बंगला त्याचा, चहा त्याचा, कोंबडी त्याची. आता हिंमतरावाचं पोट तुमी पाह्यलं नाही, तुमचं नशीब. ते पोट आधी त्या खळग्यात बसलं, मंग हिंमतराव बसला, आन् राह्यलेल्या फटीत त्याचा भाचा खुपसला. विमान वर गेलं, फिरलं, खाली आलं. उतरला तं तोंड चुन्यासारखं. म्हणे, "लय मजा आली." हे म्हणताना दोन माणसायनं त्याले धरलं होतं.

त्या दिवशी सांजेले अंबूबाई शेषरावाले म्हणे, "अवो, उद्या जाऊन दोन तिकिटं आणा. एक तुमचं, एक माहं."

शेषरावाच्या हातातला तांब्या पडला.

मी तिले म्हटलं, "काय वं, तुले घरात सुख टोचून राह्यलं का?"

म्हणे, "वच्छलाबाई, त्या फळीवर दोन माणसं बसतात. मी बसली आन् हे बसले, की सारं गाव पाहीन. हा शेषराव एक, आन् ही अंबूबाई एक. झाले दोन. एवढंच मले एकडाव लोकायच्या डोळ्यानं पाह्यचं हाये."

काय बोलू अशा बाईशी? लोक विमानात आभाळ पाह्यले जातात, ही बेरीज करायले चालली.

शेषराव गेला. कारकुनानं त्याले पाह्यलं, वाळकं माणूस, दोन तिकिटं मांगते, असन बायको बी तसलीच. फाडले दोन तिकिटं. शेवटच्या दिवसाचे, दुपारचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमान अकोल्याकडं जाणार होतं, म्हणून बाकी तिकिटं त्याच दिवशी संपले.

त्या दुपारी मी बी गेली. न जाऊन कसं चालन? सीझन होता, हिंमतरावाच्या अडतीपुढं कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या, आन् गाडीवाले सारे बैलं सोडून विमान पाह्यले कुंपणापाशी. अंबूबाई नवं कोरं लुगडं नेसून, डोक्यावरून न्हाऊन, गोठ-पाटल्या घालून आली. मांगं शेषराव, जसा काय त्याले कोणी कोर्टात नेऊन राह्यलं.

कारकुनानं तिले पाह्यलं, आन् तिच्या हातातल्या तिकिटाकडं पाह्यलं. म्हणे, "अहो, ही दोन तिकिटं कोणाची?"

"एक यायचं, एक माहं."

"बाई, असं नाही चालत. ठराविक वजनाच्या वर माणूस असलं की त्याची दोन तिकिटं धरतो आम्ही. साहेबांचा नियम आहे. तुम्हा दोघांची तीन होतात."

"मंग तिसरं द्या."

"संपली."

कुंपणापाशी कोणीतरी म्हणे, "बरं झालं बे, विमान वाचलं." हासले सारे. हिंमतराव तठीच खुर्ची टाकून बसला होता. त्याचं पोट मांडीवर, आन् मांडी खुर्चीच्या बाहेर. तोबी हासला. त्याले हासताना पाहून मले इतका संताप आला म्हणता.

शेषरावाच्या तोंडावर मात्र पयल्यांदा रंग आला. पटकन पुढं होऊन म्हणे, "अवं, माहं तिकीट तू घे. दोन्ही तिकिटं तुहे. मी थांबतो अठीच. बैलायजवळ कोणी पाह्यजेच."

"आपले बैलं घरी हायेत."

"मंग कोणाच्या बी बैलायजवळ थांबतो."

कारकून म्हणे, "हे उत्तम झालं. यजमान थांबतील, तुम्ही ऐसपैस एकट्या बसा. दोन तिकिटं, दोन जागा. हिशेब चोख."

झालं होतं ना काम? दुसरी बाई असती तं गेली असती चढून. म्या बी तिले कोपरानं ढोसलं, जाय वं आता. पण नाही. म्हणे, "तुमी गुमान उभे राहा हो. दोन तिकिटावर एकटी बसली, तं गावाले काय सांगू? मी आन् माही सावली गेलो होतो म्हणून?" मंग कारकुनाकडं वळली. "मी एक हाये. मले एका तिकिटात बसवा."

"नियम म्हणजे नियम, बाई."

"पयल्या दिवशी हिंमतरावभाऊले तोललं होतं का?"

कारकून टोपी सारखी करू लागला. "ते... ते साहेबांचे यजमान आहेत."

"यजमानाले वजन नसते का?"

आता हासू कुंपणाकडून आलं, आन् ते हिंमतरावाले टोचलं. अशा माणसायचं असं असते, दुसऱ्यावर हासताना पोट हालते, सोतावर कोणी हासलं की कपाळ हालते. उठला. म्हणे, "वाद कायले? होऊन जाऊ दे. कडूबा, काटा आण बे अडतीतला. अंबूबाईले तोला. हद्दीच्या आत आली तं एक तिकीट, बाहेर गेली तं दोन. सगळ्यायसमोर. मंग कोणी म्हणू नये अन्याय झाला."

त्याले वाटलं, ही बाई एवढ्या माणसात काट्यावर बसणार नाही. लाजन, रडन, पळन. अडत्या तिच्याकडून इतके साल कापूस घेऊन राह्यला, पण तिले वळखलं नाही त्यानं.

"आणा," अंबूबाई म्हणे.

कडूबा हा त्याच्या अडतीचा मापारी. चार हमालायनं काटा आणला. कापसाचा काटा म्हंजे तीन बल्ल्यायचं तिकाटणं, मधी लोखंडी दांडी, आन् दोन्हीकडं साखळ्यायनं टांगलेले फळ्यायचे पलडे. पोतं काय, माणूस काय, आरामात बसते. कारकुनानं साहेबाले इचारून वजनाची हद्द सांगतली, कडूबानं तेवढे वजनं एका पलड्यात रचले. दुसऱ्यात अंबूबाई बसली. कशी बसली म्हणता, जशी नागपंचमीच्या झुल्यावर. एक हात साखळीले, एक पदराले. दांडी कुरकुरली, हालली, आन् अंबूबाईचा पलडा खाली जाऊन थांबला. लय नाही. चार बोटं. पण खाली.

"झालं," हिंमतराव म्हणे. "दोन तिकिटं. उतरा अंबूबाई."

मी डोळे मिटले. म्या म्हटलं, आता ही उतरन, आन् घरी जाऊन गुमान बसन, आन् हे सारे नालायक लोक सालभर हेच सांगत राहतीन.

पण ती उतरलीच नाही. पलड्यात बसल्या बसल्या म्हणे, "कडूबा, कडता काट."

कोणाले काही समजलं नाही आधी. मंग गाडीवाल्यायच्या रांगेत एकजण फस्सकन हासला, आन् मंग साऱ्यायले समजलं. ज्यायनं कधी बाजारात कापूस नाही विकला, त्यायच्यासाठी सांगते. तुमी कापूस नेला, की अडत्या जेवढं वजन भरते तेवढं धरत नाही. बारदानाचं एवढं, ओलीचं एवढं, कचऱ्याचं एवढं, असं करत करत त्यातून कापून टाकते. त्याले कडता म्हणतात. कापूस कोरडा असो, चांदण्यासारखा सफेद असो, कडता कटतेच. बापजाद्यापासून. इचारायची सोय नाही.

हिंमतराव म्हणे, "कडता कापसाले असते. माणसाले कुठी असते?"

"काटा कोणाचा हाये, भाऊ?"

"माहा."

"कापूस तोलायचाच ना?"

"हाव, मंग?"

"कडूबा, खरं सांग. या काट्यावर बिनकडत्याचं कधी काही तोललं का तू?"

कडूबा डोकं खाजवत म्हणे, "नाही बा. मांगच्या साली मालकाच्या घरी तूप आलं होतं, तेबी याच काट्यावर तोललं. कडता कापूनच पैसे देल्ले."

"तू गप राह्य बे," हिंमतराव म्हणे.

पण आता कुंपणावरचे लोक आत आले होते. पुण्याचा कारकून इकडं पाहे, तिकडं पाहे. म्हणे, "कडता म्हणजे काय?" त्याले कोणं उत्तर देल्लं नाही. जन्मभर कापसाचे धोतर नेसते, आन् कडता म्हंजे काय इचारते. असे लोक नियम करतात, म्हणूनच हे असं हाये.

हिंमतरावानं आवाज चढवला. "बरं, कायचा कडता कापायचा तुमच्यात?"

"बारदानाचा पयले," अंबूबाई म्हणे. "हे लुगडं नऊवारी, कोरं, खळ सुद्धा गेली नाही. माह्यासंगं तोललं का नाही? मंग ओलीचा. सकाळीच डोक्यावरून न्हाली, केस अजून ओले हायेत, वच्छलाबाईले इचारा. मंग कचऱ्याचा. तुमच्या पडीत वावरातून आली, पायाले शेरभर माती. मंग धर्मादाय. दरसाल माह्या कापसातून गोरक्षणाच्या नावानं कापता, आज माह्यातून बी देवाच्या नावानं कापा. देव काही नाही म्हणणार नाही."

"आन् नमुना?" मांगून एक गाडीवाला ओरडला.

"नमुना राह्यलाच. दरसाल नमुना म्हणून मूठ मूठ कापूस भाऊच्या घरी जाते, त्याच्या गाद्या झाल्या असतीन आतापर्यंत. माह्यातला नमुना पाह्यजे तं ही जीभ हाये, घेऊन जा म्हणा."

"नोको," कडूबा हळूच म्हणे.

हासू हासू माहे डोळे पाणावले. पण हिंमतराव हासला नाही, आन् त्याचं कारण हाये. त्याच्या मांगं तीस-चाळीस गाडीवाले उभे. सकाळपासून त्यायच्या गाड्या त्याच्याच अडतीपुढं उभ्या. त्यातला एक वयस्कर माणूस शांतपणानं म्हणे, "बाईचं बरोबर हाये, हिंमतराव. काटा तोच, मापारी तोच. रिवाज असन तं सगळ्यायले. रिवाज खोटा असन तं तसं सांगा, मंग आज आमच्या गाड्या बी बिनकडत्यानं तोला."

आता पाहा गंमत. कडता नाही म्हणावं, तं चाळीस गाड्यायचा कडता बुडते. कडता हाये म्हणावं, तं अंबूबाई एक होते. असा अडत्या अडकलेला मी पयल्यांदा पाह्यला. तोंड असं, जसं कोणी त्याचाच माल त्याले विकला. गोऱ्या साहेबानं मिस्त्रीले काहीतरी इचारलं, पलड्याजवळ येऊन खालची चार बोटं जागा पाह्यली, शेषरावाकडं पाह्यलं, जरा जास्तच वेळ पाह्यलं, आन् हात हालवून कारकुनाले काही बोलला.

कारकून म्हणे, "साहेब म्हणतात, एवढ्याशा फरकानं काही बिघडत नाही, दुसरा माणूस नसल्यासारखाच आहे. पण नियमाचं तुम्ही बघा."

म्हंजे विमानाले काही अडचणच नव्हती. अडचण सारी खुर्चीवाल्याले होती.

हिंमतरावानं मिशीवर हात फिरवला. मंग जमिनीकडं पाहून म्हणे, "काट बे कडता."

कडूबानं अगदी इमानदारीनं कापला. बारदानाचं एक वजन समोरच्या पलड्यात ठेवलं, ओलीचं ठेवलं, मातीचं ठेवलं, गोरक्षणाचं ठेवताना हात जोडले. दांडी हालली, कुरकुरली, आन् हळूहळू सरळ झाली. मंग तिकडचाच पलडा जरा खाली आला. कडूबा कापसाचं वजन सांगते तसाच लांब आवाजात म्हणे, "आत हायेऽऽ. एक."

एक. तवा अंबूबाईचं तोंड मी पाह्यलं. ती हळूच पलड्यातून उतरली, पदर सारखा केला, आन् तिकीट कारकुनाच्या हातात देल्लं.

मंग चढायचं. ते काही सोपं काम नाही. आधी स्टूल, मंग पंखावर पाय, मंग खळग्यात. मिस्त्री म्हणे, इथं पाय द्या, इथं नका देऊ, कापड हाये. ती म्हणे, "मले समजते, मी काही आंधळी नाही." बसली. फळी भरली. मंग शेषरावाले दोघायनं उचलून उरलेल्या फटीत घातलं, जशी पोत्याच्या शिवणीत सुई. त्यानं बायकोचा दंड दोन्ही हातानं धरला आन् डोळे मिटून घेतले. विमान अजून जागेवरच होतं.

मिस्त्री विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवून ते सुरू करायले गेला. हिंमतराव मांगं बसून राह्यता तं मी त्याले माणूस म्हटलं असतं. पण अडत्याले हारणं पचत नाही. पुढं येऊन खळग्यापाशी उभा राह्यला. म्हणे, "अंबूबाई, कडता रिवाजानं झाला. मंग तोलाई बी रिवाजानं होऊ द्या. कडूबाची आन् हमालायची तोलायची मजुरी टाका, आन् मंग जा."

मिस्त्रीचा हात पंख्यावरच थांबला. कारकुनानं खाली पाह्यलं. अंबूबाईनं खळग्यातून मान बाहेर काढली.

"तोलाई कोण देते, भाऊ?"

"ज्याचा माल, तो."

"कवा देते?"

"माल विकला की. तुमाले काय नवं हाये?"

"मंग माहा सौदा झाला का? मले विकलं कोणं? हे तं अठीच बसले हायेत, डोळे मिटून. आन् घेतलं कोणं? तुमी घेतलं असन तं तसं सांगा सगळ्यायसमोर. मी घरी जाऊन तुमच्या मालकिणीले आधी इचारून येते, तिले चालते का."

गाडीवाल्यायच्या रांगेत एक माणूस हासू हासू खाली बसला.

"आन् सौदा झाला नसन," अंबूबाई म्हणे, "तं ज्यानं उगाच काटा मांगवला, तोलाई त्याची."

हिंमतराव इकडं तिकडं पाहू लागला. कडूबा त्याच्यापुढं हात पसरून उभाच होता, मांगं चार हमाल. हिंमतरावानं बंडीच्या खिशात हात घातला, आन् पाचही जणायले तोलाई देल्ली.